चौथी तसबीर

इस्पितळातल्या जळीत विभागात तिला सगळे फोटोबाई म्हणत. तिचं खरं नाव हजेरीच्या मशीनला तेवढं ठाऊक असावं. पेशंट आला की फोटोबाईला बोलवा, ऑपरेशन झालं की फोटोबाईला बोलवा, तपासणीला आला की आधी फोटोबाईकडे जाऊन या, असं दिवसभर चालायचं. मागे निळा कपडा, वर दोन ठरलेले दिवे, जखमेपासून कॅमेऱ्याचं अंतर ठरलेलं, आणि जखमेच्या कडेला चिकटवलेली छोटी मोजपट्टी. मागच्या महिन्याचा आणि या महिन्याचा फोटो शेजारी ठेवला की कातडी कुठवर आली ते डॉक्टरांना कळलं पाहिजे. विभागाचे प्रमुख, ज्यांना सगळे मोठे डॉक्टर म्हणत, त्यांनी तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "बाई, कलाकुसर नको. मला कातडी दिसली पाहिजे, बस." तिने ते मनावर घेतलं होतं. नव्या नर्स पहिल्या आठवड्यात तोंड फिरवून बाहेर पळायच्या. फोटोबाईचा हात कधी हलला नाही. इतके स्वच्छ फोटो दुसऱ्या कुठल्या इस्पितळात बघायला मिळणार नाहीत, असं मोठे डॉक्टर बाहेरच्या पाहुण्यांना सांगत, आणि ते ऐकलं की तिला बरं वाटायचं.

घरी मात्र या कामाला किंमत नव्हती. घरी म्हणजे बाबांच्या लेखी. बाबांचा खाली स्टुडिओ होता आणि वर दोघं राहात. आख्ख्या वस्तीचे चेहरे बाबांच्या हाताखालून गेले होते. लोक दोन गल्ल्या सोडून त्यांच्याकडे यायचे, कारण बाबा माणसाला होता त्याहून देखणा करून द्यायचे. टोकदार पेन्सिल घेऊन निगेटिव्हवर बसायचे ते एखाद्याचे देवीचे व्रण, कुणाचा चामखीळ, कुणाच्या डोळ्यांखालचं काळं, सगळं नाहीसं करूनच उठायचे. "एकदा माझा फोटो बघितला की माणूस आरशावर रुसायचा," असं ते अजून सांगत. मोबाइल आले आणि स्टुडिओ बसला. तरी पडदा, स्टूल आणि दिवे जागच्या जागी होते आणि बाबा रोज त्यांची धूळ पुसत. लेकीच्या नोकरीबद्दल विचारलं तर म्हणत, "फोटो काढते म्हणे. पण आजवर एकालाही सांगितलं नाही हिने, की जरा हनुवटी वर करा." कौतुक करणं हा त्यांचा स्वभावच नव्हता. शाळेत ती पहिली आली तेव्हाही त्यांनी दुसरा कोण आला ते विचारलं होतं.

भट्टीवाल्या काकू तिच्याकडे तपासणीच्या फोटोंना येऊ लागल्या त्याला आता बरेच महिने झाले होते. त्यांची बेकरी होती. भट्टी पेटवायला वाकल्या आणि आत साठलेल्या गॅसने पेट घेतला, तो भडका त्यांच्या उजव्या अंगावर आला. भुवई, गाल, कान, मान, आणि पुढे धरलेले दोन्ही हात. त्यातून वाचल्या, आणि हातात पीठ धरता यायला लागल्याबरोबर पुन्हा दुकानात उभ्या राहिल्या. वॉर्डात असतानाच त्यांनी सगळ्यांना कामाला लावलं होतं. कोण नर्स जेवली नाही, कुठल्या पेशंटचा मुलगा भेटायला आला नाही, याची खबर डॉक्टरांआधी त्यांना असायची. तपासणीला येताना पिशवीभर पाव घेऊन यायच्या आणि जाताना रिकामी पिशवी घडी करून घेऊन जायच्या.

एका तपासणीला फोटोबाईने नेहमीचे फोटो काढले, मोजपट्टी उचलली, तशा काकू उठायच्या सोडून बसूनच राहिल्या.

"अगं, दाखव तरी एकदा. इतके दिवस काय काढते आहेस ते."

फोटोबाईने स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. काकूंनी चष्मा लावला. उजव्या कानाचा बाहेरचा भाग उरला नव्हता, म्हणून चष्म्याची ती काडी त्यांनी दोऱ्याने बांधून डोक्यामागे नेली होती. एकेक फोटो सरकला. मान. कान. हाताची बोटं. अंगठा. गाल.

"छान आलेत," काकू म्हणाल्या. "कान माझा, मान माझी, अंगठाही माझाच. पण मी कुठे आहे यात?"

"काकू, हे डॉक्टरांसाठी असतात."

"ते कळलं मला. डॉक्टरांचं झालं. आता माझा एक काढ."

मग त्यांनी सांगितलं ते असं. बेकरीत गल्ल्यामागच्या भिंतीवर तीन तसबिरी होत्या. पहिली आजेसासऱ्यांची, ज्यांनी भट्टी बांधली. दुसरी सासऱ्यांची. तिसरी काकूंच्या नवऱ्याची. या घरात माणूस गेल्यावर त्याचा फोटो लावत नसत. जो भट्टी चालवेल त्याचा फोटो तो चालवत असतानाच भिंतीवर चढायचा. नवरा गेल्यापासून भट्टी काकू चालवत होत्या. चौथी जागा रिकामीच राहिली, आधी वेळ नाही म्हणून, मग हे जळण्याचं झालं म्हणून. आता दुकानाचं रंगकाम काढलं होतं आणि धाकट्या दिराने मनावर घेतलं होतं. त्याने जुन्या अल्बममधून काकूंचा एक फोटो शोधला. नव्या नवरीचा. लांब मान, गालाला खळी. तो मोठा करायला टाकलासुद्धा.

"पोरगी चांगली होती ती," काकू म्हणाल्या. "पण तिला खमीर कशाशी खातात ते माहीत नव्हतं. भट्टीच्या खोलीत पाऊल टाकायला घाबरायची. तिला कशाला चढवायचं भिंतीवर?"

फोटोबाईने कितीतरी वर्षांत आख्ख्या माणसाचा फोटो काढला नव्हता. हे तिला त्या क्षणी ध्यानात आलं आणि जरा चरकल्यासारखं झालं. "रविवारी घरी या," ती म्हणाली. "खाली बाबांचा स्टुडिओ आहे."

रविवारी बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. किती दिवसांनी स्टुडिओत गिऱ्हाईक येणार होतं. काकू आत आल्या तेव्हा बाबा दचकले नाहीत. त्यांची नजर नुसती कामाला लागली, शिंप्याची कापडावर फिरावी तशी. "बसा बाई. इकडे तोंड करा. थोडं आणखी." त्यांनी दिव्यापुढे पातळ कपडा टांगला, उजेड डावीकडून घेतला, उजवी बाजू अंधारात लोटली, मानेवर एक मऊ स्कार्फ असा काही टाकला की तो आधीपासूनच तिथे असावा. फोटोबाईने बटण दाबलं. खरं सांगायचं तर तिलाही तेच हवं होतं. काकू छान दिसाव्यात, एवढंच तिच्या मनात होतं.

फोटो कॉम्प्युटरवर आला. अर्धा चेहरा मऊ उजेडात, बाकीचा सावलीत विरघळलेला. बाबा खूश झाले. "हे एवढं दिसतंय ना गालावर, ते मी चहा होईपर्यंत साफ करतो. आता तर पेन्सिलही लागत नाही."

काकूंनी दोऱ्याचा चष्मा नीट केला आणि खूप वेळ बघितलं.

"बाई देखणी आहे," त्या म्हणाल्या. "कोण आहे?"

बाबा हसले. काकूही हसल्या, पण मान हलवत राहिल्या. "काका, तुमचा हात मोठा. त्यात वादच नाही. पण हा फोटो मी दुकानात लावला, तर गिऱ्हाईक भिंतीकडे बघणार, मग माझ्याकडे बघणार, आणि विचारणार, मालकीण कुठे गेली? मी म्हणणार, मीच ती. मग ते बिचारं तोंड कसनुसं करणार. दिवसभर दुकानात उभं राहून मला तेच तोंड बघत बसायचं नाही."

फोटोबाई वरमली. जखमेचे फोटो काढताना जी कधी डगमगली नव्हती, ती आख्खं माणूस समोर बसल्यावर अंधारामागे लपली होती. काकूंना सोडायला ती दारापर्यंत गेली.

"मी दुकानात येऊ का, काकू? तुमच्या कामाच्या वेळी?"

"ये की. फक्त वाटेत उभी राहू नकोस."

उजाडता उजाडता ती बेकरीत पोचायची आणि तिथूनच इस्पितळात कामावर जायची. सुरुवातीला तिने कॅमेरा पिशवीतून काढलाच नाही. भिंतीला पाठ लावून नुसती बघत राहिली. पीठ मळणारे दोघे कारागीर, त्यांच्या कोपरापर्यंत चढलेलं पांढरं पीठ, भट्टीचं तोंड, लांब दांड्याचं लाकडी फावडं, आणि या सगळ्याच्या मध्ये काकू. त्यांना बघायला डोळे कमी पडायचे. हात सरळ होत नव्हते म्हणून त्यांनी पीठ उचलायची नवीनच पद्धत काढली होती, मनगटाने लोटून तळव्यावर घ्यायची. बोटांच्या टोकांना ऊन-गार कळेनासं झालं होतं. त्यामुळे पाव झाला की नाही ते आता त्या हात लावून सांगत नसत. पाव उलटा करून बुडावर टिचकी मारायच्या, मग तो उजव्या बाजूला, जळालेल्या कानाशी धरायच्या. पावाचं वरचं कवच गार होताना बारीक तडतडतं, ते ऐकायच्या. बाहेरचा कान गेला होता, ऐकू मात्र स्वच्छ येत होतं. तेवढा वेळ कारागीर हातातलं काम थांबवून त्यांच्या तोंडाकडे बघत.

"बोलतोय," काकू म्हणायच्या. की सगळे पुन्हा कामाला.

धाकटा दीर गाडीतून पाव पोचवायचं काम बघायचा. आडदांड, कष्टाळू, वहिनीच्या शब्दाबाहेर नसणारा माणूस. पण वर्षानुवर्षं माणसांकडे बारकाईने बघायची सवय असलेल्या फोटोबाईच्या एक गोष्ट लगेच लक्षात आली. तो वहिनीशी बोलताना त्यांच्या खांद्याकडे बघायचा, पिठाकडे बघायचा, मागच्या फळीवरच्या ट्रेंकडे बघायचा. चेहऱ्याकडे कधीच नाही.

ते काकूंनाही कळत होतं. एकदा पीठ लोटता लोटता त्या आपणहून म्हणाल्या, "मला त्या दिवशी उचलून गाडीत घातलं ते भाऊजींनीच. मांडीवर घेऊन बसले होते. सगळं बघितलंय त्यांनी. तेव्हापासून बघत नाहीत." आणि कारागिराला मीठ कमी पडल्याचं सांगायला पलीकडे गेल्या.

कॅमेरा बाहेर काढल्यावर फोटो बरेच निघाले. खिडकीतून सकाळचा उजेड थेट टेबलावर यायचा, तो चांगला होता. फोटोही वाईट नव्हते. पण कॅमेरा समोर आला की काकू सावध व्हायच्या. ओठ मिटून घ्यायच्या, उजवा कोपरा खाली ओढलेला दिसू नये म्हणून. एवढ्या बाणेदार बाईचंही शरीर आपलं आपण लपायला बघत होतं. फोटोबाई वाट बघत राहिली. घाई करून उपयोग नव्हता.

एका सकाळी ती गाडीकडे उघडणाऱ्या दाराशी, आतल्या बाजूला उभी होती. पावांचा पहिला घाणा भट्टीतून बाहेर आला होता. दिराने आत येऊन तिच्या पुढ्यातच एक पाव उचलला, उलटसुलट करून बघितला, आणि कुणास ठाऊक कुठल्या लहरीत म्हणाला,

"वहिनी, आज जरा जास्तच भाजलाय का?"

मळणाऱ्यांचे हात थांबले. काकू वळल्या. एका हातात पाव, दुसरा हात कमरेवर. त्यांनी सबंध चेहरा दिराकडे केला, काही न लपवता, आणि त्याच्याकडे बघितलं. तुम्ही मला सांगणार? असं ते बघणं होतं. त्यात धाक होता, माया होती, थोडी गंमत होती, पहाटेपासून उभं राहिल्याचा शीण होता. एक भुवई राहिली होती ती वर चढली. ओठांची जी बाजू हलत होती ती हसली, जी हलत नव्हती ती तशीच राहिली, आणि दोन्ही मिळून ते हसू पुरं झालं.

फोटोबाईने बटण दाबलं. दीर नेहमीप्रमाणे ट्रेंकडे बघत होता.

"खाऊन बघा आणि मग बोला," काकू म्हणाल्या. त्याने तुकडा मोडून तोंडात टाकला, ट्रे उचलले आणि गाडीकडे गेला. कारागीर खाली मान घालून हसत होते.

फोटोबाईने तो फोटो मोठ्या कागदावर छापून घेतला. कशालाही हात लावला नाही. घरी आणून स्टुडिओतल्या टेबलावर ठेवला आणि वर निघून गेली. बाबांच्या समोर उभं राहायचा तिला धीर झाला नाही. थोड्या वेळाने जिन्यातून हाक आली.

बाबा भिंग घेऊन वाकले होते. त्यांचं बोट सवयीने गालावर गेलं, मग मानेवर, मग कानावर, आणि दर वेळी जाऊन डोळ्यांपाशी थांबलं.

"लेन्स कुठली होती?"

"तुमचीच. कपाटातली."

"आणि उजेड?"

"खिडकीचा."

"दुसरा दिवा नाही मारलास कुठून?"

"नाही."

बाबांनी चष्मा काढून पुसला. पुसून झाला तरी पुसत राहिले. "ही बाई माझ्यासमोर बसली होती," ते म्हणाले. "इथे, या स्टुलावर. मी तिची मान बघितली, कान बघितला, सावली कुठे पाडायची ते बघितलं. पण ही मला दिसली नाही. तुला दिसली." मग एकदम कामाचं बोलायला लागले. चौकट कुणाकडे टाकणार आहेस? त्या कोपऱ्यावरच्याकडे नको, तो कोपरे उघडे ठेवतो. मीच करतो.

फोटोबाई वर गेली आणि धुतलेले कप पुन्हा धुवायला लागली. नळ सोडून ठेवला होता, त्यामुळे खाली काही ऐकू गेलं नसावं. ती तेव्हा चाळिशीला आली होती, आणि या माणसाच्या तोंडून हे ऐकायची आशा तिने केव्हाच सोडून दिली होती.

तसबीर लावायला दुपारची वेळ ठरली, दुकान बंद असतं ती. नव्या रंगाचा वास अजून गेला नव्हता. बाबा स्वतः चौकट काखेत घेऊन आले, वाटेत लेकीला हातही लावू दिला नाही. दीर आधीच आला होता. त्यानेही त्याचा फोटो सोनेरी चौकटीत बसवून आणला होता. नव्या नवरीचा.

बाबांनी कागद सोडला. दिराने एकदा बघितलं आणि नजर छताकडे नेली.

"वहिनी, मी काय म्हणतो," तो म्हणाला. "लोक येतात दुकानात. सकाळी सकाळी..."

"सकाळी सकाळी काय?"

"लोकांना त्रास होतो बघायला."

"कुठल्या लोकांना, भाऊजी?"

त्याने हातोडी या हातातून त्या हातात घेतली. खोलीत सगळे अवघडले. काकूंनी मात्र आवाज चढवला नाही. त्यांनी दोन्ही तसबिरी गल्ल्यावर शेजारी शेजारी उभ्या केल्या. "तुम्हाला पटेल ती तुम्हीच लावा. मी काही म्हणणार नाही. चला काका, चहा टाकते."

आतल्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. फोटोबाईच्या जागेवरून गल्ला सरळ दिसत होता. दीर हातात हातोडी घेऊन उभा होता. आधी तो सोनेरी चौकटीकडे बघत होता. मग नजर शेजारी सरकली, परत आली, पुन्हा गेली. माणसाच्या तोंडाकडे असं टक लावून बघता येत नाही. समोरच्याला वाईट वाटेल म्हणून आपण डोळे वळवतो, मग वळवलेच ठेवतो. फोटोला काही वाटत नाही. तो कितीही वेळ बघू देतो. दीर पुढे झाला. वाकला. गाल बघितला, मान बघितली, कान बघितला, इतके दिवस जे जे चुकवलं होतं ते सगळं नीट बघितलं. मग डोळ्यांपाशी आला.

आणि त्याचे खांदे हलायला लागले. फोटोबाईला वाटलं रडतोय. पण तो हसत होता.

"ही माझ्याकडे बघतेय," तो तिथूनच म्हणाला. "हे जास्त भाजलेल्या पावाचं आहे ना?"

"तेच आहे," फोटोबाई म्हणाली. "मी तुमच्या मागेच होते."

तेव्हा तो पिठाच्या पोत्यावर बसला आणि मग मात्र रडला, लहान मुलासारखा, हातोडी हातातच. काकू बाहेर आल्या आणि त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. त्याने मान वर केली. सरळ त्यांच्या तोंडाकडे बघितलं.

"मला वाटलं, वहिनी त्या दिवशी गाडीतच गेल्या," तो म्हणाला. "इस्पितळातून आणली ती दुसरीच कुणी. तिचं सगळं करायचं, तिला दुखवायचं नाही, एवढं ठरवलं होतं मी. पण तुम्ही तर इथेच आहात."

"मग कुठे जाणार?" काकू म्हणाल्या. "दुकान कोण बघणार, तुम्ही? तुम्हाला पाव भाजलेला कळत नाही."

खिळा त्यानेच ठोकला. बाबा खालून हात हलवत होते, डावीकडे, थोडं वर, अजून एक केस वर, आणि तीनदा उतरवून लावल्यावर त्यांचं समाधान झालं. सोनेरी चौकट काकूंनी वरच्या मजल्यावर आपल्या खोलीत नेली. तिच्यावरही आपला राग नाही, म्हणाल्या.

संध्याकाळी दुकान उघडलं. रोज येणारे एक निवृत्त पोस्टमन होते, त्यांनी भिंतीकडे बघितलं, काकूंकडे बघितलं आणि म्हणाले, "अगदी असंच बघता हो तुम्ही, सुटे नाहीत म्हटलं की." सगळं दुकान हसलं. सगळेच काही हसले नाहीत. एकदोन घरांनी पाव दुसरीकडून न्यायला सुरुवात केली. पण आजवर हातातल्या चिल्लरीकडे बघत पाव मागणारी कितीतरी माणसं आता मान वर करून मागू लागली. आधी फोटोशी ओळख करून घ्यायची आणि मग बाईंशी, असं काहीतरी त्यांचं झालं होतं. दीर तर प्रत्येकाला थांबवून सांगायचा, "आमच्या वहिनी. भिंतीवर आहेत आणि समोरही आहेत."

बातमी वॉर्डात पोचायला वेळ लागला नाही. एका सकाळी मोठे डॉक्टर कामावर जाता जाता बेकरीत शिरले. ज्या मानेवर त्यांनी कितीदा तरी हत्यार चालवलं होतं, ती मान चौकटीत ताठ उभी होती. ते रांगेतून बाहेर येऊन बघत राहिले.

"काकू, याची एक प्रत आम्हाला द्या," ते म्हणाले. "विभागाच्या दारात लावतो. नवीन डॉक्टर येतात दर वर्षी, त्यांनी बघायला हवा."

"नाही हो डॉक्टर," काकू म्हणाल्या. "माझी तसबीर माझ्या दुकानात. तुमच्या पोरांनाच इकडे पाठवा. रांगेत उभं राहू दे. पाव गरम असतो."

मोठे डॉक्टर मनापासून हसले आणि कबूल झाले. फोटोबाईलाही त्यांनी बोलावून घेतलं. निळ्या कपड्याचे फोटो चालूच राहतील, म्हणाले, त्यावाचून आमचं चालायचं नाही. पण त्याशिवाय तुम्हाला काय लागेल? तिने खिडकी असलेली एक खोली मागितली. ती मिळाली. तपासणीचे फोटो झाले, मोजपट्टी निघाली, की ती आता पेशंटला विचारते, आणखी एक काढू का, तुमच्यासाठी? कुणी नको म्हणतं. कुणी पुढच्या वेळी बघू म्हणतं. कुणी म्हणतं, इथे नको, माझ्या बसवर या, माझ्या शाळेत या, माझ्या अंगणात या. ती जाते. बाबा चौकटी करतात आणि एकही कोपरा उघडा राहू देत नाहीत.

त्या वर्षीच्या नव्या डॉक्टरांची तुकडी आली, तेव्हा त्यांना बेकरीत घेऊन जायचं काम तिच्याकडेच आलं. पोरंपोरी रांगेत उभी राहिली, सुरुवातीला थट्टामस्करी करत, मग एकेक करून मान वर करत. फोटोबाई सगळ्यांच्या मागे होती. पुढच्या एका मुलीने पाव घेतला आणि गल्ल्यापाशीच थांबली. भिंतीकडे बघत तिने दिराला विचारलं, "हा फोटो कुणी काढलाय?"

दिराने रांगेच्या शेवटाकडे हात केला. सगळी डोकी मागे वळली. काकूही गल्ल्यावर हात टेकून बघत होत्या.

"मी," फोटोबाई म्हणाली. तिने ते जरा मोठ्यानेच म्हटलं, आणि हनुवटी वर करून.